उजव्या हाताचे खवले

हॅनफर्ड, सोमवार, ६ मे १९९६

गिल्बर्ट,

'प्रिय' लिहायचं राहून गेलेलं नाही. मुद्दाम गाळलं आहे.

काल टुलेरीच्या मैदानावर, जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात, तू माझ्या इतक्या जवळ उभा होतास की मी छत्रीनं तुझा पाय अडवू शकले असते. मी घडीच्या खुर्चीत बसले होते, मांडीवर लिंग्विसा सॉसेजच्या सँडविचांचा डबा. तू मला पाहिलं नाहीस असं मी धरून चालते. पाहूनही न पाहिल्यासारखं केलं असशील, तर हे पत्र आणखी लांबेल.

तू खिशातून बॅटरी काढलीस. वेल्डनच्या फोर्डसाठी तुझ्या बाबांनी बांधलेल्या, टेबलासकट ट्रेलरवर आणलेल्या फ्रेमपाशी गुडघ्यावर बसलास. आडव्या पट्टीच्या सांध्यावरून अंगठ्याचं नख फिरवलंस. भोवती पाच-सात लोक जमलेच, तुझ्याभोवती हल्ली जमतात. मग उठून पँट झटकलीस आणि म्हणालास (मी काउंटीच्या कोर्टात जन्मभर लोकांच्या साक्षी उतरवून घेतल्या आहेत, एक शब्द इकडचा तिकडे होणार नाही), "हे म्हाताऱ्याचं काम नाही. म्हातारा डावरा आहे. खवले बघा, उलटे आहेत. कुणातरी उजव्या माणसाकडून बाहेरून करून घेतलंय, आणि वर पाटी स्वतःची लावलीय."

लोक हसले. तूही हसलास.

वितळलेलं लोखंड गार होताना त्यावर माशाच्या खवल्यांसारख्या कोरी उमटतात आणि त्यांच्या तोंडावरून हात कुठून कुठे गेला ते ओळखता येतं, हे तुला कोणी शिकवलं? तू दुधाचे दात पडलेला एवढासा होतास. बाबांनी तुला टेबलावर बसवून तुझं बोट त्या खवल्यांवरून फिरवलं होतं. म्हणाले होते, "हे माझं अक्षर. हे वाचायला शीक." शिकलास. आणि वाचून दाखवलंस कुठे, तर चारचौघांत, त्यांच्या पाठीमागे.

ते पाठीमागेच होते, गिल्बर्ट. पाण्याचे पेले घेऊन येत होते. त्यांनी सगळं ऐकलं. पेले खुर्चीवर ठेवले, जुनी चादर फ्रेमवर टाकली आणि व्हॅनमध्ये जाऊन बसले. परतीच्या वाटेवर एकदाच तोंड उघडलं, तेही "खिडकी लाव" एवढ्यासाठी.

तीन नाताळ तू या घरात पाऊल टाकलं नाहीस. भांडण कशावरून झालं ते मला पाठ आहे. तू तयार कापून आणलेल्या फ्रेमी आमच्या नावानं विकायला लागलास, बाबा म्हणाले पाटी उतरव, तू म्हणालास तुमचे दिवस गेले. तेव्हा मी मध्ये पडले नाही. दोन पुरुष आहेत, बघतील म्हटलं. तुझ्या गाडीवर 'तोस्ते अँड सन' असं रंगवलेलं मी काल पहिल्यांदा पाहिलं. त्यातला सन तू, ते समजलं. तोस्ते कुठे आहे?

तू जे बोललास ते मागे घ्यायचंस, आणि जिथे बोललास तिथल्याच लोकांसमोर. ते सगळे शनिवारी सकाळी लेसी बुलेव्हार्डवरच्या डोनटच्या दुकानात जमतात, तुला ठाऊक आहे. वेल्डिंग कोणी केलं हा तुझा प्रश्न नव्हे. फ्रेम तुझ्या बाबांची आहे. ती त्यांनी आखली, त्यांनी मापली, त्यांनी टेबलावर बसवली.

देओलिंदा तोस्ते


हॅनफर्ड, रविवार, १९ मे

गिल्बर्ट,

तुझं उत्तर नाही. टपालखात्याला मी दोष देत नाही, वीजबिल वेळेवर आलं.

तर मग तुझ्या शब्दांनी इथे काय केलं ते ऐक.

गेल्या शनिवारी बाबा डोनटच्या दुकानात गेले नाहीत. कालच्याही शनिवारी नाहीत. हा माणूस तुझ्या जन्माच्या आदल्या दिवशीसुद्धा गेला होता. मी पोट धरून पोर्चवर उभी, आणि हा म्हणतो, "लगेच येतो, वेल्डनला कार्ब्युरेटर दाखवायचाय."

वेल्डनच शेवटी घरी आला. टोपी हातात धरून गॅरेजच्या दारात उभा राहिला. मी तेव्हाच ओळखलं, कारण वेल्डन पर्डी चर्चमध्येसुद्धा टोपी काढत नाही.

"सेराफिम, मला एकच सांग," तो म्हणाला. "गिल जे बोलला ते..."

"ते काय?"

"हे बघ, मला कुणाचा हात उजवा आणि कुणाचा डावा याच्याशी काही देणंघेणं नाही. पण त्या गाडीत मी बसणार आहे. मोठं इंजिन टाकणार आहोत. फ्रेम कुठे उकलली, तर माझे दात कालव्यात शोधावे लागतील."

"तुझे दात तसेही काढून ठेवता येतात," मी म्हणाले.

"बाईसाहेब, मी गंमत करत नाहीये."

"मीही नाही."

तुझे बाबा टेबलाच्या पलीकडे उभे होते, दोन्ही हात खिशात. त्यांना एवढंच म्हणायचं होतं की वेल्डन, या फ्रेमचा प्रत्येक सांधा माझ्या डोळ्यांसमोर झालाय. पण तसं म्हटलं की पुढचा प्रश्न येणार: तुझ्या डोळ्यांसमोर, मग हात कुणाचा? म्हणून ते म्हणाले, "शंका असेल तर नको नेऊस. मी कापून टाकतो."

"अरे, कापायचं कोण म्हणालं?"

"माझ्या कामावर शंका घेतलेली चालत नाही मला."

वेल्डन टोपी घालून गेला. हे दोघे शाळेपासूनचे दोस्त आहेत. एका बाईवरून भांडले नाहीत, एका गाईवरून भांडले नाहीत, आणि आता तू एक वाक्य बोललास म्हणून एकमेकांकडे पाहत नाहीत.

बाबा खरंच कापणार आहेत. दुसऱ्या दिवशी खडूनं चार ठिकाणी खुणा केल्या, अगदी मधोमध, म्हणजे पुन्हा जोडायचा मोह व्हायला नको. गेल्या पावसाळी हिवाळ्यापासून ती फ्रेम टेबलाला पट्ट्यांनी आवळलेली आहे, टुलेरीलाही टेबलासकटच नेली. एका कोपऱ्यात बोटभर वेल्ड, मग तिरकस समोरच्या कोपऱ्यात बोटभर, मग थांबून गार होऊ द्यायचं. घाई केली तर आच लोखंडाला ओढते आणि फ्रेम पिळते. रोज दोन बोटं पुढे सरकणारं काम. त्यावर चार खडूच्या रेघा.

मी कापायच्या चकत्या सगळ्या गोळा केल्या आणि लपवल्या. कुठे ते सांगत नाही. फ्रीझरमधलं लिंग्विसा तूर्त कुणी हलवू नये, एवढंच.

त्यांनी विचारलं, "चकत्या कुठे आहेत?"

म्हटलं, "संत अँटोनियोला विचारा, हरवलेल्या वस्तू तो शोधून देतो."

पण किती दिवस लपवणार? हार्डवेअरचं दुकान कोपऱ्यावरच आहे. कालपर्यंत ते तिथे गेले नाहीत, कारण दुकानातली माणसंही टुलेरीला आली होती. लाजेनं थांबलेत ते, माझ्या युक्तीनं नव्हे.

तू ये. ये आणि शब्द मागे घे. हे मी विनंती म्हणून लिहीत नाहीये.

दे. तो.


हॅनफर्ड, रविवार, २ जून

गिल्बर्ट,

तुझं पत्र मिळालं. छापील कागद, टाइप केलेला मजकूर, खाली तुझ्या सेक्रेटरीची आद्याक्षरं. 'प्रिय मातोश्री.' ज्या तोंडानं तू मला चाळीस वर्षं 'माय' म्हणत आलास त्या तोंडात हे कुणी कोंबलं? आणि 'व्यावसायिक' हा शब्द तू एकाच पत्रात दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिला आहेस. दोन्ही चूक.

तू लिहितोस, तुझं मत 'केवळ तांत्रिक' होतं. तू लिहितोस, वेल्डिंगच्या दर्जाबद्दल तू काहीच वाईट बोलला नाहीस. उलट ते 'उत्कृष्ट' आहे. आणि मग शेवटचा परिच्छेद, जो मी उभ्यानं वाचला आणि मग बसून पुन्हा वाचला. 'संबंधित वेल्डरचे नाव व पत्ता कळवल्यास आभारी होईन. माझ्या शॉपला अशा हाताची गरज आहे.'

ठीक आहे. कळवते.

संबंधित वेल्डरचं वय सहासष्ट आहे. गुडघे दुखतात. चष्म्याशिवाय काचेतून काही दिसत नाही, म्हणून हेल्मेटच्या आत चष्मा घालावा लागतो आणि तो घामानं घसरतो. रविवारची चर्चमधली मिसा चुकवत नाही. पत्ता तुला माहीत आहे, तू त्याच पत्त्यावर वाढलास.

मी केलं ते, गिल्बर्ट. एकूण एक सांधा.

आता खाली बस आणि पुढचं वाच.

बाबांच्या डाव्या हाताला कंप आहे. दोन वर्षं होत आली. आधी वाटलं कॉफीनं होतंय. मग वेल्डिंगच्या टॉर्चची सुई वितळलेल्या लोखंडात बुडायला लागली. बुडाली की काढायची, घासून टोक करायचं, पुन्हा लावायची, पुन्हा बुडायची. मी स्वयंपाकघरातून ऐकायची: घासण्याचा आवाज, शांतता, शिवी, पुन्हा घासण्याचा आवाज. एके दिवशी शिवी आली नाही. जाऊन पाहिलं तर ते स्टुलावर बसले होते आणि हात मांडीखाली दाबून धरला होता, कोंबडी धरावी तसा.

डॉक्टरनं जे सांगायचं ते सांगितलं. त्यातून बाबांनी एकच अर्थ काढला. कुणाला कळता कामा नये. तुला तर नाहीच. "तो म्हणाला होता ना, माझे दिवस गेले म्हणून," असं म्हणाले. तुझा शब्द त्यांनी असा सांभाळून ठेवला होता, बघ.

वेल्डनची फ्रेम अडून बसली होती, नुसती टाचलेली, म्हणजे ठिपक्याठिपक्यानं तात्पुरती जोडलेली. टाचलेली फ्रेम टेबलावरून हलवता येत नाही, हे मला एवढी वर्षं गॅरेजमधून कपडे वाळत घालायला जाताना कळलंच होतं. मी आधी त्यांचं मनगट धरून पाहिलं. ते जमलं नाही, दोघांची मिळून धडपड व्हायला लागली. मग त्यांनी टॉर्च माझ्या हातात दिला आणि हसले. त्यांना वाटलं मी चटका लावून घेईन आणि विषय संपेल.

मी चटका लावून घेतला. विषय संपला नाही. भंगाराच्या तुकड्यांवर एक अख्खा उन्हाळा काढला मी. ते शेजारी दुसरं हेल्मेट घालून बसायचे आणि म्हणत राहायचे, "टॉर्च सरकव, सळई भरव. सरक, भरव. घाई नको, बाळाला भरवतेस तसं भरव." पाहायचीही गरज नव्हती त्यांना, आवाजावरून सांगायचे हात लांब गेला की जवळ आला. ज्या दिवशी माझा तुकडा हातोड्यानं वाकवून वाकवून मोडला आणि सांधा सोडून भलतीकडेच तुटला, त्या दिवशी ते म्हणाले, "उद्यापासून फ्रेम."

आणि उजवा हात. तू फार हुशारीनं ओळखलास. ओळखलास ते बरोबरच आहे, फक्त तो हात उजवा कसा झाला ते तुला ठाऊक नाही. मी जन्मानं डावरी आहे, गिल्बर्ट. तुझ्यासारखी, तुझ्या बाबांसारखी. सिस्टर इमॅक्युलाटानं माझा डावा हात फळा पुसायच्या फडक्यानं बाकाला बांधला, पहिली आणि दुसरी, अशी दोन इयत्ता. म्हणायची, डाव्या बाजूला सैतान बसतो, ठाऊक आहे ना? माझं अक्षर त्यानंतर इतकं सुरेख झालं की मला बक्षीस मिळालं, आणि ते बक्षीस मी डाव्या हातानं घेतलं म्हणून पुन्हा मार मिळाला.

तू पहिलीत गेलास तेव्हा तीच शाळा. नवी सिस्टर, फडकं तेच. मी कामावरून तशीच कोर्टाच्या कपड्यांत गेले आणि तिला सांगितलं, "या मुलाचा हात बांधलात तर उद्यापासून मी इथे त्याच्या बाकावर येऊन बसेन, आणि तुम्ही जे जे बोलाल ते सगळं लघुलिपीत उतरवून घेईन." ती म्हणाली, तुम्हालाही आम्हीच शिकवलं होतं ना? म्हटलं, म्हणूनच.

तुझा डावा हात डावा राहिला तो असा. त्याच हातात परवा बॅटरी होती.

आता तुझ्या शॉपला अशा हाताची गरज आहे काय? तर कळवते की संबंधित वेल्डरला तुमचे येथे येणे जमणार नाही. मजकुराच्या चुका दुरुस्त करून पत्र परत पाठवत आहे, लाल शाईनं. वाचून घे.

बाबांना मी सांगितलेलं नाही की तुला सांगितलं. त्यांनी मला जे लपवायला सांगितलं होतं ते मी तुला लिहून दिलं आहे, आणि हे करताना माझा हात जराही हलला नाही, इतका मला राग आला आहे.

माय


हॅनफर्ड, सोमवार, १७ जून

गिल्बर्ट,

काल तू आलास. फादर्स डेचा दिवस निवडलास, ते बरं केलंस. बाबांनी दार उघडलं आणि तुला पाहून दोन्ही हात खिशात घालायला विसरले. तो हात तू पाहिलास. तुझा चेहराही मी पाहिला, म्हणून त्या घटकेपुरतं मी तुला काहीच बोलत नाही.

मी सोपा, आपला मांसाचा रस्सा, केला होता. तू दोनदा ब्रेड घेऊन रस्सा पुसलास. गॅरेजमध्ये जाऊन पाठीवर झोपून अख्खी फ्रेम खालून पाहिलीस. मी भांडी घासत होते. तुम्ही दोघं तिथे बोलत होतात, कित्येक वर्षांनी, आणि मी नळ बारीक सोडला होता, आवाज यावा म्हणून. शब्द कळले नाहीत. हसण्याचा आवाज आला. मी मनात म्हटलं, जाऊ दे देओलिंदा, आता गिळून टाक राग.

जाताना तू मला म्हणालास, "माय, गुडघे कसे आहेत?" एवढंच. माझ्या पत्राबद्दल एक अक्षर नाही. तरी मी म्हटलं, जाऊ दे.

तू गेल्यावर बाबा स्वयंपाकघरात आले. इतकं खूश मी त्यांना कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

"तू त्याला सगळं लिहिलंस म्हणे. जाऊ दे. गिलनं तोडगा काढलाय," म्हणाले.

"कसला तोडगा?"

"तो येत्या आठवड्यात मशीन घेऊन येतोय. वरवरचे सगळे खवले ग्राइंडरनं घासून काढायचे, आणि त्यावरून तो नवा पदर ओढणार. डाव्या हातानं. त्याचा हात माझ्यासारखाच चालतो, देओलिंदा, कुणाच्या बापाला ओळखू येणार नाही! मग तो दुकानात जाऊन सांगणार की मी नीट पाहिलं नव्हतं, खवले म्हाताऱ्याचेच आहेत."

माझ्या हातात कढई होती. ती मी खाली ठेवली, यातच माझ्यावरच्या संस्कारांचा मोठेपणा आहे.

"कुठला सांधा वाईट आहे?" मी विचारलं.

"वाईट कुणी म्हटलं?"

"मग घासायचा कशाला? कुठला सांधा पातळ आहे, कुठे भोक आहे, कुठे लोखंड धरलं नाही, ते दाखवा. चला, आत्ता दाखवा."

"देओलिंदा, सांधे उत्तम आहेत. गिलही तेच म्हणाला. प्रश्न दिसण्याचा आहे."

"एकदा आच दिलेल्या सांध्याला पुन्हा आच दिली की फ्रेम ओढली जाते, असं कोण म्हणतं? 'थांब, गार होऊ दे' म्हणून माझ्या डोक्यावर कोण बसलं होतं?"

त्यांनी नळ उगाच घट्ट पिळला.

"म्हणजे फ्रेम पिळली तरी चालेल, पण नाव राहिलं पाहिजे."

"चाळीस वर्षं लोकांनी माझा हात पाहून गाड्या चालवल्या," ते म्हणाले. "आता त्यांना कंप दाखवू? आणि तुझं नाव तसंही कधी नव्हतंच ना त्यावर? तूच म्हणाली होतीस, मला पाटी नको."

"नाव लपवणं वेगळं, सेराफिम, आणि काम खरवडून काढणं वेगळं."

त्यानंतर आम्ही जेवणाच्या खोलीत वेगवेगळ्या टोकांना बसून एकाच टीव्हीवरच्या बातम्या पाहिल्या.

गिल्बर्ट, तू मन चांगलं ठेवून हे सुचवलंस, मला कळतं. बापाची लाज झाकायची होती तुला. पण माझं पत्र वाचून, ते लाल शाईसकट वाचून, तुला जे उमगलं ते हे? की आईनं केलंय ना, मग पुसलं तरी चालेल? टुलेरीला तू परक्या उजव्या माणसाचं काम म्हणून त्याला नावं ठेवलीस, नंतर त्याच परक्याला नोकरी द्यायला निघालास. आणि तो परका मी निघाल्यावर ग्राइंडर आणतोस.

सिस्टर इमॅक्युलाटाकडे निदान नुसतं फडकं होतं.

तू मशीन घेऊन येऊ नकोस. गॅरेजला मी कुलूप घातलं आहे. किल्ली चकत्यांच्या सोबतीला आहे. बाबांना मी सांगितलं आहे की त्यांनी ठरवायचं. फ्रेम त्यांची आहे हे मी तुला पहिल्याच पत्रात लिहिलं होतं, आणि मी शब्द फिरवत नाही. त्यांना माझे खवले घासून हवे असतील तर त्यांनी स्वतः किल्ली मागावी, माझ्याकडे बघून. मी देईन.

अजून मागितलेली नाही.

माय


हॅनफर्ड, रविवार, ३० जून

गिल्बर्ट,

काल सकाळी बाबा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून माझ्यासमोर उभे राहिले. मला वाटलं, आली वेळ. किल्ली मागणार.

म्हणाले, "बूट घाल. डोनट खायला जाऊ."

मी त्या दुकानात शनिवारी कधी गेलेली नाही. बायका जात नाहीत. कुणी मनाई केलेली नाही, पण कुणी खुर्चीही सरकवलेली नाही. आम्ही आत गेलो तर सगळं टोळकं तिथे होतं, वेल्डन मधोमध. वेल्डननं टोपी काढली आणि मला त्याचं टक्कल पाहून प्रसंगाचं गांभीर्य कळलं.

बाबा कॉफी घेऊन बसले. तुला ठाऊक नसेल, घराबाहेर ते कॉफी अर्धा कपच घेतात, आणि तीही उजव्या हातानं, टेबलावर वाकून. काल त्यांनी काठोकाठ भरून मागितली. आणि सगळे बघत असताना कप डाव्या हातानं उचलला.

मी धरायला गेले. त्यांनी मान हलवली.

कॉफी टेबलभर झाली. शर्टावर आली. वेल्डनच्या डोनटवर आली. त्यांनी कप ओठांपर्यंत नेला, जेवढी उरली तेवढी प्यायले आणि कप खाली ठेवला. कुणी हसलं नाही.

"बघितलंत?" बाबा म्हणाले. "दोन वर्षं झाली. वेल्डन, या हातानं मी तुझी फ्रेम जोडावी असं वाटतंय तुला?"

वेल्डननं नकाराची मान हलवली.

"गिल खोटं बोलला नाही. खवले माझे नाहीत. आखणी माझी, मापं माझी. हात हिचा." आणि त्यांनी हनुवटीनं माझ्याकडे दाखवलं.

सगळ्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. मग तो मागे बसणारा आर्नी, ज्याला दोन कोंबड्या नीट बांधता येत नाहीत, म्हणाला, "पण मग खवले उलटे का काढते ती?"

"जगातली बहुतेक माणसं उजवी आहेत, आर्नी," मी म्हणाले. "इतकी वर्षं उलटे तुमच्या सेराफिमचे होते."

त्यावर हसले. वेल्डन मात्र हसत नव्हता. कॉफीत भिजलेल्या डोनटकडे बघत होता. शेवटी म्हणाला, "म्हणजे बाईसाहेब, मी ताशी शंभर मैलांनी जाणार, ते तुमच्या भरवशावर?"

"तुला नको असेल तर राहू दे."

"नको कुठे म्हटलं? तुम्ही जन्मात कुणाला वाकडं चालू दिलं नाहीत. लोखंडाची काय बिशाद!"

सगळं टोळकं गाड्यांतून आमच्या गॅरेजवर आलं. मी फ्रीझर उघडून किल्ली काढली, तेव्हा आर्नीला वाटलं मी जेवण घालते आहे. बाबांनी सगळ्यांसमोर टेबलावरचे पट्टे सोडायला घेतले, एकेक करून, उजव्या हातानं. तुला माहीत आहे ही घटका काय असते. आचेनं लोखंड मनातून ओढलेलं असेल तर शेवटचा पट्टा सुटल्यावर फ्रेम उसळी घेते, एखादा कोपरा उचलला जातो, आणि मग महिन्यांची मेहनत भंगारात. मी 'हेल मेरी'ची प्रार्थना म्हणत होते आणि मध्येच पुढचे शब्द आठवेनात, मला, जिला कॉन्व्हेंटात असताना झोपेतून उठवून विचारलं तरी ते पाठ यायचे.

शेवटचा पट्टा सुटला. काहीच झालं नाही. ती हललीसुद्धा नाही. वेल्डननं चारही कोपऱ्यांखाली कागद सरकवून पाहिला, एकाही कोपऱ्याखाली गेला नाही. बाबांनी मापाची फीत एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात तिरकी धरली, मग दुसऱ्या बाजूनं तशीच, माप एकच. ते तिथेच टेबलाला टेकून रडले, सगळ्या पुरुषांसमोर. मग खडूच्या त्या चार रेघा त्यांनी बाहीनं पुसल्या. दुपारी फ्रेम वेल्डनच्या ट्रेलरवर चढून गेली. माझ्या खवल्यांसकट.

बाबा काल संध्याकाळी तुला फोन करायला निघाले होते. मी रिसीव्हर खाली ठेवायला लावला. ते म्हणाले, "आता कशाला ताणतेस? माझं झालं सांगून." त्यांचं झालं. त्यांनी सांगितलं ते त्यांच्या हाताबद्दल. माझ्या कामाबद्दल तू जे म्हणालास, बाहेरून करून घेतलंय आणि पाटी लावलीय, ते अजून तसंच पडलेलं आहे. ते दुसऱ्या कुणी उचलायचं नाही.

तर येत्या शनिवारी सकाळी सातला, डोनटच्या दुकानात. ग्राइंडर नको, छापील कागद नको. तुझ्या गाडीवर काय रंगवायचं ते तुझं तू आणि बाबा बघा, त्यात मी पडत नाही. तू उभा राहायचंस आणि त्याच लोकांना सांगायचंस की ते वेल्डिंग माझ्या आईचं आहे आणि मला ते ओळखता आलं नाही.

मी शेवटच्या खुर्चीवर बसलेली असेन, दारापाशी. हळू बोललास तर मी 'ऐकू आलं नाही' म्हणेन.

माय